फायबरच्या नावेला ठिगळ

मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९८८
मुक्काम गंगेकाठी (गोदावरी), तालुका गंगाखेड

तीर्थस्वरूप दाजी यांच्या पायावर धाकटा मेहुणा रंगनाथ याचं डोकं. अक्काला नमस्कार, तिच्या पोटातल्या पाहुण्याला आगाऊ आशीर्वाद. तुमची तब्येत कशी आहे? खोकला कमी आहे का? (फायबरच्या कारखान्यातल्या ज्या वासाबद्दल तुम्ही दर पत्रात लिहायचात तो वास मी आता आपल्याच अंगणात पोटभर घेतलाय. आजवर मला वाटायचं, दाजी जरा वाढवून लिहितात. माफी असावी.) अक्काच्या पायाची सूज उतरली का, हे दगडाआत्यानं मुद्दाम विचारलंय. मीठ कमी खा, जिना चढू नको, आणि हे पत्र उभ्यानं वाचू नको, असं अक्काला सांगा. पहिले दोन निरोप आत्याचे, शेवटचा माझा.

आपल्या धाकट्या बहिणीचं, विमलचं लग्न झालं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचताना अक्काला जागोजाग वाटणार की आता काही हे लग्न होत नाही. होतं. झालं. पोरगी नांदायला गेली. अक्काचे दिवस भरत आले आणि तुम्हाला सुट्टी मिळाली नाही म्हणून तुम्ही दोघं आला नाहीत, याचं मला आधी फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, देवानं अक्काला वाचवलं. मी अजून सावरलेलो नाही. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावतो आणि मधेच गप्प होऊन खिडकीतून गंगेकडं बघत बसतो. मुलंही माझ्यासोबत गप्प बसतात, त्यांनीसुद्धा सगळं बघितलंय.

तुम्ही आहेर म्हणून पाठवलेली फायबरची नाव ट्रकवाल्यानं गंगाखेडच्या नाक्यावर उतरवली आणि तिथून मी ती बैलगाडीत घालून आणली. गावात शिरताच लोकांनी विचारलं, मास्तर, मेली का? (बैलगाडीत आडवं घालून आणलेलं काहीही आजारीच दिसतं.) अंगणात उतरवायला भुजंगला बोलावलं. आपला चुलतभाऊ भुजंग कसा आहे तुम्हाला माहीत आहे. पोत्याखाली खांदा द्यायचा तर आधी गावाला ऐकू जाईल असा हुंकार देतो. त्यानं धोतर खोचलं, हुंकार दिला, सगळा जोर लावून नाव उचलली, आणि नाव इतकी हलकी निघाली की तो तिच्यासकट मागं जाऊन पडला. वरून फक्त त्याचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, "आयला, हिच्यात कायच न्हाई की!" तिथून गावात जो धक्का बसायला सुरुवात झाली तो अजून बसायलाय. लोखंड नाही, लाकूड नाही, आणि आकाशासारखी निळी. प्रत्येकानं येऊन टिचकी मारून बघितली. मग तिला नाव काय द्यायचं यावरून वाद झाला. सगळ्या मराठवाड्यात आधीच विद्यापीठाच्या नावावरून चाललंय, त्यात आमच्या गावात नावेच्या नावावरून सुरू झालं, तेव्हा मी रंगाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. नाव तूर्त बिननावाची आहे.

नाराज झाला तो एकटा सटवाजी. तो लोकांना पल्याड कशात नेतो ते तुम्ही बघितलंय, गुऱ्हाळातल्या जुन्या लोखंडी काहिलीत. गूळ आटवायची ती मोठी कढई. तिच्यात चारपाच माणसं उकिडवी बसवायची आणि बांबूनं रेटत न्यायची. आपल्या बापजाद्यांनी त्याच काहिलीतून गंगा ओलांडली. सटवाजीनं नावेला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "मास्तर, ही नाव न्हाई, हे टरफल हाय."

तिकडं पल्याडच्या काठावर व्यंकटरावांना नावेची बातमी लागली. विमलचे होणारे सासरे. दहा गावांत ऊस, आवाज काठावरून काठावर पोचेल असा, आणि एकुलता एक मुलगा मुंजाजी. (नाव मुंजाजी आणि त्याचंच लग्न, ही थट्टा गावानं करून झालीय, तुम्ही करू नका.) त्यांनी मला न विचारता सगळ्या भावकीत सांगून टाकलं की आमचा नवरदेव घोड्यावरून नाही, नावेतून लग्नाला जाणार. भावकीतल्या एकानंही आजवर नावेतून नवरदेव नेलेला नाही. म्हणजे लग्नात वराइतकंच आता नावेला महत्त्व आलं. आणि अशा नावेला, दाजी, आपल्या आत्यानं भोक पाडलं.

रागावू नका. आत्याची कंबर धरलेली असते. लग्नाची हळद कुटायची, तर खाली वाकवेना. अंगणात तुमची नाव पालथी घातलेली, कमरेएवढी उंच, वर सपाट. आत्याला वाटलं, जावयानं काय सुरेख ओटा पाठवला. तिनं भुजंगकडून दगडी उखळ त्या पालथ्या बुडावर चढवून घेतलं (भुजंग उचलायला सांगितलं की कारण विचारत नाही), हळकुंडं टाकली आणि मुसळ हाणलं. मी ओसरीवर पत्रिकांवर नावं लिहीत होतो. पहिले घाव ऐकले, छान ठेका होता. मग एक वेगळाच आवाज आला, कलिंगड फुटल्यासारखा. जाऊन बघतो तर आत्या मुसळ धरून उभी, समोर उखळ नाही. उखळ नावेच्या पोटातून खाली जमिनीवर गेलेलं, आणि बुडाला जेवणाच्या ताटाएवढं भगदाड, कडेनं पांढरे तंतू लोंबायलेले. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. आपली आत्या, दाजी! मग हळूच म्हणाली, "उखळ गिळलं रे हिनं." दुसऱ्यांचं उखळ पांढरं होतं, आपलं निळं झालं.

मी घाबरलो, पण हबकून गेलो नाही, कारण तुम्ही दूरदृष्टीनं नावेबरोबर दुरुस्तीच्या सामानाचं पोतंही दिलेलं होतं. डब्यात मधासारखं घट्ट रेझिन होतं. बाटलीत ते घट्ट करणारं हार्डनर होतं. भोकावर थापायच्या ग्लास मॅटची गुंडाळी मात्र पोत्यात नव्हती. मी घरभर विचारलं, ग्लास मॅट कुणी बघितली का? मनकर्णा स्वयंपाकघरातून तीन पेले घेऊन आली आणि म्हणाली, "ग्लास मांडणीतच तर हायत, कुठं जायलेत?" मी म्हणालो, पाणी प्यायचे नव्हे, ग्लासची मॅट. ती म्हणाली, "ग्लासला कशाला चटई लागती?" मीही चिडलो. (इथं मी तिला मॅट कशी दिसते एवढं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवऱ्याला चिडल्यावर तपशील सुचत नाहीत, हे अक्का तुम्हाला सांगेल.)

आणि त्याच आठवड्यात व्यंकटराव राहून गेलेली सुपारी फोडायला आले. नावेवर मी ताडपत्री घातली, कडेला तुळशीची कुंडी ठेवली, आणि तिचं मुखदर्शन लग्नादिवशीच असं काहीतरी धार्मिक बोललो. त्यांना ते पटलं. ओसरीवर बैठक घातलेली. मनकर्णानं लोड नवे भरलेले, पांढऱ्या अभ्र्यांचे, फुगलेले. व्यंकटराव मधल्या लोडाला रेलून बसले, भावकी दोन्ही अंगाला रेलली. चहा झाला. सुपारी ताटात आली. व्यंकटरावांनी मानेला हात लावला. मग पाठीला. मग पाठीला दोन्ही हात. त्यांच्या शेजारचे रेलून घासायला लागले, आणि जितकं घासावं तितकं जास्त. थोड्या वेळात पल्याडची सगळी भावकी सदरे वर करून एकमेकांच्या पाठी खाजवत होती. असलं दृश्य मी माझ्या ओसरीवर कधी बघितलं नव्हतं, आणि देव करो, परत न दिसो. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात मनकर्णा उभी होती आणि आपले कोपरापर्यंत लाल झालेले हात बघत होती. तिला चार दिवस खाज सुटलेली, ती म्हणायची तुरीच्या शेंगांनी. तिनं लोडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. पोत्यात सापडलेला "पांढराशुभ्र पिंजलेला कापूस" तिनं लोडांत भरला होता.

व्यंकटराव उठले. आवाज तुम्हाला सांगितलाच. "मास्तर, सोयरिकीला बोलावून खाजकुयलीवर बसवलाव व्हय आमाला?"

 मी लोड उचलला, अभ्रा फाडला, आतली मॅट काढली, आणि खोटं नाही हे दाखवायला स्वतःच्या दोन्ही हातांवर, गळ्यावर खसाखसा चोळली. म्हणालो, व्यंकटराव, शपथ आहे, खाजकुयली नाही ही. ही नुसती काच आहे.

"काच!" ते म्हणाले.

दाजी, खरं बोलल्यानं माणूस सुटतो असं मी मुलांना रोज शिकवतो. सगळी भावकी एका सुरात "काच!" म्हणून उठली. खाजकुयली परवडली म्हणे, ती वेल तरी आहे. यांनी काचेवर बसवलं! ताटातली सुपारी तशीच राहिली. जोडे घातले. आत विमल रडायला लागली ते मला ऐकू येत होतं. मुंजाजीला तिनं एकदाच बघितलेलं, पण पोरीला तो आवडलेला होता. आई नाही, बाप नाही, मोठी बहीण लांब. तिची सोयरीक मी माझ्या हातानं, माझ्याच ओसरीवर, खाजवत मोडायलो होतो.

तेव्हा आत्या पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "व्याही, काच हाय ती, खरं हाय. तुमच्या पोराच्या नावेचं औषध हाय ते. नाव मी फोडली. या, दावते." आणि माझ्या देखत तिनं ताडपत्री ओढली.

व्यंकटराव भगदाडाजवळ गेले. आत हात घातला. दुसऱ्या हातानं पाठ खाजवणं चालूच होतं. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली. भावकीतला प्रत्येकजण त्यांच्याकडं बघत होता आणि नावेची फुशारकी त्यांनीच मारलेली होती. शेवटी ते म्हणाले, "लग्नादिवशी ही नाव माझ्या काठाला लागली पायजे. पयला पाय मी ठेवणार. पाणी आत आलं, तर नवरदेव पल्याडच राहील." मग सगळे गंगेत जाऊन गळ्याएवढ्या पाण्यात बसले. त्यांची पागोटी तेवढी ओळीनं पाण्यावर दिसत होती.

आता दुरुस्तीचं. तुम्ही लिहून दिलेलं सगळं मी केलं. भोकाच्या कडा काचपेपरनं घासून उतरत्या केल्या, धूळ पुसली, मॅटची एकापेक्षा एक मोठी ठिगळं कापली. लोडातली मॅट, तिला थोडा कापूस चिकटलेला होता, तो वेचून काढला. रेझिन पातेल्यात ओतलं. हार्डनर अगदी थोडं घालायचं, हे मला पाठ होतं. पण आत्या शेजारी उभी. तिला ते थेंब मोजणं बघवेना. "लग्नाचं काम हाय, हात आखडू नको," म्हणून तिनं माझं कोपर असं काही उचललं की बाटली निम्मी झाली. क्षणभर काही झालं नाही. मग पातेलं गरम लागायला लागलं. मग धूर. मी ब्रश ढवळायला गेलो तर ब्रश जागचा हलेना. पातेल्यातून कड्कड् आवाज यायला लागले आणि तो तुमचा वास असा सुटला की समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून गेली. भुजंगनं आग लागली म्हणून आरोळी दिली, निम्मं गाव घागरी घेऊन आलं. जाळ कुठंच नाही, चूल नाही, आणि पातेलं आपोआप उकळायलंय! लोक घागरी धरून नुसते उभे. मनकर्णाचं ते पातेलं अजून तसंच आहे, आत पिवळा दगड आणि दगडात उभा ब्रश. ती ते रोज माझ्यासमोर घासायच्या भांड्यांत ठेवते.

त्या धसक्यानं दुसऱ्या खेपेला मी हार्डनर इतकं कमी घातलं की ठिगळ वाळेचना. थंडीचे दिवस, त्यात वर दव. चिकट ते चिकट. कोंबडी त्याच्यावरून चालत गेली, आणि मधोमध थांबली. तिला सोडवताना पिसं तिथंच राहिली. शेजारपाजारचे येऊन विचारायचे, मास्तर, नावेला पंख फुटले का? सगळं खरवडून काढायला लागलं. मुहूर्त जवळ आलेला. विमल माझ्याशी बोलत नव्हती, नुसती येऊन भोकातून आत बघून जायची.

तिसऱ्या खेपेला मी आत्याला देवळात पाठवलं, भुजंगला शेतात पाठवलं, दार लावून घेतलं आणि वर्गात गणित घालतो तसं मोजून घातलं. एक अडचण होती. मॅट खाली लोंबू नये म्हणून भोकाला आतून काहीतरी टेकू पाहिजे. तुम्ही प्लॅस्टिकचा कागद सांगितलेला, घरात नव्हता. उरलेल्या लग्नपत्रिका होत्या, जाड कागदाच्या. त्या मी आतून बसवल्या. पत्रिकेवर वर गणपती. देवाच्या तोंडावर तो घाण वास कशाला, म्हणून मी छापलेली बाजू नावेच्या आत केली आणि कोरी बाजू रेझिनकडं. मग थरावर थर, ब्रशनं टोचून टोचून बुडबुडे काढले. दुपारचं ऊन लागलं, संध्याकाळी ठोकून बघितलं तर टण्ण वाजलं. दाजी, मला रडू आलं. नाव सरळी केली, आत पाणी भरलं, थेंब गळेना. फक्त पत्रिका निघेनात. रेझिन पिऊन त्या काचेसारख्या झाल्या होत्या आणि नावेच्या तळाला कायमचा गणपती, त्याखाली मुंजाजी आणि विमल, आणि त्याखाली ठळक अक्षरांत "श्री. व्यंकटराव".

लग्नादिवशी सकाळी मी आणि भुजंग वल्ही मारत पल्याड गेलो. काठावर सगळी भावकी. व्यंकटराव जरीचं पागोटं घालून पुढं आले, पहिला पाय उचलला, खाली बघितलं आणि पाय तसाच वर ठेवून थांबले. "मास्तर. गणपतीवर पाय ठेवू का माझ्या नावावर?"

ह्याचा मी विचारच केलेला नव्हता. एका पायावर उभा असलेला व्याही मी किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. शेवटी नवरदेवच पुढं आला. त्यानं आईच्या हातातला कलश घेऊन त्या पत्रिकेवर ठेवला, भोवती तांदूळ टाकले, आणि बापाला म्हणाला, "आता देवघर झालं. कडंनं बसा, दादा." पोरगा मला तिथंच आवडला. व्यंकटराव जोडे काढून, हात जोडून, अंग चोरून बसले. मुंजाजी बाशिंग सांभाळत बसला. व्यंकटरावांच्या बायको नर्मदाबाई मात्र ऐकेनात. काचेच्या नावेत बसायचं नाही म्हणाल्या. आपली लोखंडी काहील बरी. त्या सटवाजीच्या काहिलीत बसल्या, सोबत दोन हलगीवाले. सटवाजीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू निकालच लागला.

आम्ही निघालो. नावेत सगळ्यांचे डोळे त्या ठिगळाकडं. व्यंकटराव तर कलशाखाली ओल येते का म्हणून वाकून वाकून बघायलेले. तिकडं अल्याडच्या काठावर आपला गाव, पोरीबाळी, ताशा. काठावरून आरोळी उठली, आणि ती ऐकून काहिलीतल्या एका हलगीवाल्याला चेव आला. तो वाजवत वाजवत उभा राहिला.

दाजी, काहील बुडते कशी ते मी आजवर बघितलं नव्हतं. आवाजसुद्धा होत नाही. एक कड खाली गेली, पाणी आत आलं, आणि काहील नाहीच. जिथं होती तिथं नुसती भोवऱ्यासारखी गोल लाट. हलगीवाले पोहायला लागले, सटवाजी पोहायला लागला. नर्मदाबाई दिसेनात. मग जरीचा पदर वर आला, आणि परत गेला. माझ्या हातात वल्हं होतं आणि मी ते धरून बसलो. नुसता बसलो. व्यंकटराव ओरडले तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो त्यांचा नव्हताच. तेवढ्यात नाव डगमगली. मुंजाजी बाशिंगासकट पाण्यात गेला होता.

भुजंग मला लाथ मारून म्हणाला, "मार की वल्हं!" तेव्हा कुठं माझे हात हलले. मुंजाजीनं आईला केसाला धरून आणलं. ती लुगड्यानं भरलेली, दागिन्यांनी भरलेली, डोळे पांढरे. हलकी नाव, एका कडेनं ओढायला गेलो तर ती कड पाण्याला टेकायला लागली. व्यंकटराव दुसऱ्या कडेवर आडवे झाले, भुजंगनं आपला तो जगप्रसिद्ध हुंकार दिला आणि मी नर्मदाबाईंच्या दंडाला धरलं, आणि त्या आत आल्या त्या थेट कलशावर, कलश उडाला, आणि सगळ्या वजनानिशी आमच्या ठिगळावर आदळल्या. टण्ण.

आम्ही सगळे ठिगळाकडं वाकलो. खुद्द नर्मदाबाईंनी खोकत, पाणी ओकत, डोळे उघडून आधी काय केलं असेल? मान वळवून खाली बघितलं, भोक पडलं का. पडलं नव्हतं. अंगावरचं पाणी सोडून नावेत थेंब नव्हता. व्यंकटरावांनी सगळ्या भावकीच्या, सगळ्या गावाच्या देखत बायकोचा हात धरला आणि सोडलाच नाही. काठ येईपर्यंत ते रडायलेले. असा माणूस रडताना बघून मला जितका धक्का बसला तितका काहील बुडताना बसला नव्हता.

मुंजाजी माझं धोतर आणि भुजंगचा सदरा घालून मंडपात उभा राहिला. बाशिंग गंगेला गेलं, दुसरं ऐनवेळी आत्यानं पुठ्ठ्याचं केलं. अंतरपाट धरल्यावर विमलला हसू आवरेना, आणि पलीकडून तोही हसायला लागला. भटजी म्हणाले, मंगलाष्टकं संपेपर्यंत तरी थांबा. नर्मदाबाई कोरडं लुगडं नेसून बसल्या होत्या. सून नेताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझी सून ह्याच नावेतून न्यायची." आणि स्वतः आधी जाऊन बसल्या, ऐन मधोमध, पत्रिकेला नमस्कार करून तिच्यावरच मांडी घालून.

सटवाजीची काहील अजून डोहात आहे. तो रोज बांबूनं ठाव घेत फिरतो. मी त्याला बोलावून चहा देतो, पण नावेचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

असं झालं, दाजी. तुमच्यामुळं आमची अब्रू राहिली, किंवा जाता जाता राहिली. अक्काला जपा. बाळंतपणाची तार करा, मी आणि मनकर्णा लगेच निघतो. बहिणीच्या लग्नात भाऊ कसा वागला असं कुणी विचारलं तर, जमलं तर, वल्ह्याची गोष्ट वगळा.

तुमचा, अजूनही हादरलेला,
रंगनाथ

ता. क. मूळ कामाचं राहूनच गेलं. विमलला घेऊन गेलेली नाव परत आली नाही. मी माणूस पाठवला, तर व्यंकटराव म्हणाले, नाव सुनेबरोबर आली, सुनेचीच. आंदण परत मागतात का कुठं? भांडायची माझ्यात ताकद नाही. काहील डोहात, नाव पल्याड, आणि आपला सगळा गाव अल्याड अडकलाय. तरी तुमच्या कारखान्यातून अजून एक नाव, लहान चालेल, ओरखडे असलेली चालेल, लवकरात लवकर पाठवावी. खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरं. पत्र पाकिटात घालायच्या आत आत्या ओरडत आली म्हणून गंगेवर गेलो. निळी नाव येत होती. वल्हं विमल मारायलेली, एकटी, पदर खोचून, आणि समोर नर्मदाबाई डब्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या. नर्मदाबाईंचं माहेर इकडंच, राणीसावरगावला. लग्न होऊन गेल्यापासून बैलगाडी मोकळी नाही, ऊस तोडीला आलाय, रस्ता लांबचा, असं ऐकत ऐकत त्यांचं माहेर राहूनच गेलेलं. बुडताना म्हणे त्यांना तेवढंच आठवलं. सून म्हणाली, मग चला की आत्याबाई, नाव आपलीच हाय. दोघी आपल्या घरी भाकरी खाऊन, पान जमवून, एसटीनं निघून गेल्या. जाताना विमलनं नाव आपल्या अंगणात ओढून ठेवली आणि वल्ही बरोबर नेली.

पल्याडच्या काठावर व्यंकटराव उभे आहेत. पागोटं हातात घेऊन हलवायलेत. त्यांचा आवाज इथपर्यंत स्वच्छ येतो: मास्तर, नाव पाठवा! मी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "जावयाला लिव्ह, दुसरी नाव पाठवा. पर तिकडं आपली पोर बाळंत होऊन उठल्यावर. तवर गडबड न्हाई म्हणावं."